चाळीस सेकंदांचा आवाज

तिसऱ्यांदाही दोन्ही ठोकळे पालथे पडले.

थिएन-फूने गुडघ्यांवर बसूनच ते फरशीवरून गोळा केले. चंद्रकोरीच्या आकाराचे, लाल, कडांचा रंग झिजून आतलं लाकूड दिसायला लागलेले. एक उताणा आणि एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे म्हणजे नाही. वडिलांचं जेवण अजून झालेलं नव्हतं, आणि ते झाल्याचा कौल मिळाल्याशिवाय पुढचं काही करता येणार नव्हतं.

पुढचं बरंच होतं. वडिलांना, लाय चिन-श्वेईला, जाऊन चांद्र पंचांगाप्रमाणे आज वर्ष पुरं होत होतं. वर्षभर त्याच्या नावाचा कागदी फलक आणि छोटं धूपपात्र पूर्वजांच्या कट्ट्यापासून वेगळं, भिंतीलगत ठेवलेलं होतं. आज फलक जाळायचा, पात्रातली चिमूटभर राख पूर्वजांच्या मोठ्या पात्रात मिसळायची आणि सुतक संपवायचं. अकरा वाजून गेले होते. टेबलावरची उकडलेली कोंबडी, डुकराच्या मांसाचा चौकोनी तुकडा आणि तळलेला मासा गार होत होते. चौथ्या मजल्याच्या खिडक्या धूर जावा म्हणून उघड्या टाकल्या होत्या आणि त्यांतून पेइतोउच्या गरम झऱ्यांचा गंधकी वास आत येत होता. घरातल्या कुणालाच तो जाणवत नव्हता. दारांच्या पितळी कड्या मात्र दर तीन महिन्यांनी काळ्या पडत.

"काय कमी आहे ते विचार ना त्यांना," पी-श्या सोफ्यावरून म्हणाली. ती थिएन-फूची धाकटी बहीण. थाओयुआनला दंतवैद्यांच्या घरात दिलेली.

"विचारतोच आहे. त्यांना आता हो-नाही एवढंच बोलता येतं."

"जिवंत होते तेव्हा तरी तुझ्याशी कुठे जास्त बोलायचे?"

थिएन-फूने मागे वळून पाहिलं नाही. त्याने सिगारेटचं पाकीट कपापासून जरा पुढे सरकवलं, चॉपस्टिक्स सरळ केल्या आणि ठोकळे पुन्हा कपाळाला लावले.

"थांब," खुर्चीत बसलेली त्यांची आई, आमा, म्हणाली. तिला सत्याऐंशी वर्षं झाली होती आणि सकाळपासून ती फारसं बोलली नव्हती. "बाटली उघडलीस का?"

सगळ्यांनी काओल्यांग दारूच्या बाटलीकडे पाहिलं. पांढरी, चिनी मातीची, लाल फीत बांधलेली. झाकणावरचं कंपनीचं सील जसंच्या तसं होतं.

"बाबांना आता झाकणाचं काय, आई..."

"माणूस वर्षाने जेवायला आला आणि तू बंद बाटली पुढ्यात ठेवलीस."

"दादा ती परत घरी न्यायला निघाला होता," पी-श्या म्हणाली. "सील तुटलं तर कुणाला भेट देणार?"

थिएन-मिंगला, तिघांतल्या धाकट्याला, हसू आलं. ते लपवायला तो स्वयंपाकघरात गेला आणि बाटलीची फीत कापायला सुरी घेऊन आला. थिएन-फूने सील तोडलं, पेला काठोकाठ भरला.

"लगेच नको टाकूस," आमा म्हणाली. "अर्धी उदबत्ती जाऊ दे. पिणाऱ्याला घाई करू नये."

मधला हा वेळ पी-श्याने बरोबर हेरला. तिने टीपॉयवरची फळांची परडी बाजूला केली आणि पारदर्शक फोल्डरमधला कागद काढून पसरला. शेजारी लाल शाईची डबी ठेवली. कागदावर चार चौकोन होते. त्यातल्या एकात सहीऐवजी थिएन-मिंगच्या नावाचा शिक्का आदल्या आठवड्यातच उमटलेला होता. त्याची मुलगी त्याच्याकडे कागद घेऊन आली तेव्हा तो कुणाच्या तरी न्हाणीघरात गिझर दुरुस्त करत होता. त्याने हात पुसले, शिक्का मारला आणि मगच विचारलं की हे काय आहे.

मुलगी म्हणजे मान-चिंग. ती चपलांच्या कपाटाजवळच्या बुटक्या स्टुलावर बसली होती, फोन मांडीवर उपडा ठेवून. वय सव्वीस. गाण्यांच्या कंपनीत येऊन सहा वर्षं झाली होती. पहिली चार वर्षं तिने दुसऱ्यांसाठी मँडरिन गाणी लिहिली. अशी अकरा गाणी झाली आणि त्यांतली दोन इतकी चालली की स्कूटर दुरुस्तीच्या दुकानांतही वाजायची. ती स्वतः गायची ते तळघरातल्या सभागृहांत, ऐंशी-शंभर लोकांपुढे. तिचा स्वतःचा पहिला अल्बम मागच्या वर्षीच यायचा होता. आजोबा, म्हणजे तिचे आकोंग, गेले आणि थिएन-फूने सांगितलं, सुतकात घरात लग्न होत नाही, दारावर लाल कागद लागत नाही, अल्बमही निघणार नाही. तिने ऐकलं. कंपनीने कुरकुरत ऐकलं. आता सोमवारी सकाळी दहाला अंतिम ध्वनिमुद्रण हातावेगळं व्हायचं होतं. पहिल्या क्रमांकाच्या गाण्यात, मधोमध, आकोंगचा चाळीस सेकंदांचा आवाज होता. कंपनीच्या वकिलांना त्यासाठी बायको आणि तीन मुलं, असे चारही वारसांचे शिक्के हवे होते. एकही कमी पडला तर ते गाणं वगळलं जाणार होतं आणि त्या जागी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं प्रेमगीत पहिलं लागणार होतं. तिच्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं दुसऱ्याचं.

"दादा, आता सगळे आहोत तर हे उरकून टाकू," पी-श्या म्हणाली. "तू मार, मग मी मारते, मग आई."

"मी नाही मारणार."

"अरे पण का?"

"मेलेल्या माणसाचा आवाज दुकानात विकायला ठेवायचा नसतो."

"लोक मेलेल्यांचे फोटो ठेवतात की!"

"फोटो खोकत नाही."

मान-चिंग म्हणाली, "मोठे काका, खोकला नाहीये त्यात. मी स्वच्छ केलाय."

"तेच. स्वच्छ केलास. म्हणजे कापलास." थिएन-फू गुडघ्यांवर हात टेकून उठला. त्याच्या हालचाली मोजक्या होत्या. छत्तीस वर्षं त्याने शहराची बस चालवली होती आणि निवृत्तीला सात वर्षं होऊनही तो अजून आरशात बघितल्यासारखा आधी दोन्ही बाजूंना पाहत असे. "बाबांनाच विचारू. इथे बसलेच आहेत. कौल मिळाला तर मारतो शिक्का."

"नको," मान-चिंग म्हणाली.

"का? घाबरतेस?"

"घाबरते. तीनदा नाही म्हणाले ते आत्ता. आणि कंपनीचे वकील ठोकळ्यांचा कौल धरत नाहीत, काका. त्यांना कागद लागतो."

थिएन-मिंगला पुन्हा हसू आलं. या वेळी त्याने ते लपवलं नाही, आणि क्षणभर थिएन-फूलाही हसावंसं वाटलं असावं. पण तो कागदाकडे गेला, चष्मा वर करून वाचला आणि बोट ठेवलं.

"चाळीस सेकंद. कितीतून?"

मान-चिंगने मांडीवरचा फोन उचलून हातात घेतला.

"दवाखान्यात तू त्यांच्याशेजारी फोन घेऊन बसायचीस. बाबा एकदा सुरू झाले की चाळीस सेकंदांत थांबणारे नव्हते. कितीतून कापलेस?"

"अकरा मिनिटांतून."

"लाव."

"काका, ते गाण्यासाठी नव्हतं..."

"लाव गं, त्यात काय," पी-श्या म्हणाली. "ऐकव एकदा सगळं, म्हणजे दादाचं समाधान होईल."

मान-चिंगने वडिलांकडे पाहिलं. थिएन-मिंगने खांदे उडवले. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने फोन टीपॉयवर ठेवला आणि लावला.

आधी यंत्रांची टिकटिक, मग मान-चिंगचं हलक्या आवाजातलं गाणं, अर्धवट शब्दांचं, आणि त्यावर म्हाताऱ्याची बोटं पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ताल धरताना. मग त्याचा आवाज, तैवानी बोलीतला, सावकाश.

"धावू नकोस. पाहुण्याला श्वास घेऊ दे. त्याला शब्द आठवत नसतील तर आपण थांबायचं. पट्टी त्याची, आपली नाही. हं... आता ये."

हेच ते चाळीस सेकंद होते. पुढे तो आणखी तीन मिनिटं कुठे थांबायचं नि कुठे पुढे जायचं ते सांगत राहिला. मग म्हणाला, "बंद केलंस का ते?" मान-चिंगचा आवाज म्हणाला, "हो, आकोंग." कपडे सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी पाणी प्यायलं.

"थिएन-फूला हे शिकवावं लागलं नाही," म्हातारा म्हणाला. "पाहुणा नुसता खाकरला तरी त्याला पट्टी कळायची. दोन महिने आला माझ्याबरोबर, मोटरसायकलवर मागे बसून. मी अकॉर्डियन, तो गिटार. माझ्यापेक्षा चांगला कान. मीच फोडली त्याची गिटार. न्हाणीघरातल्या टाकीवर आपटली."

"का, आकोंग?"

"एका पाहुण्याने माझ्या अकॉर्डियनवर बिअर ओतली. गंमत म्हणून. मी वाकून आभार मानले. त्या धंद्यात मानायचेच असतात. मान वर करतो तर पोरगा पण वाकलेला. माझ्यापेक्षा खाली. एकोणीस वर्षांचा. म्हटलं, हा शिकला." बराच वेळ नुसती टिकटिक ऐकू आली. "परत वेळ आली तर परत फोडीन."

त्यानंतरची पाच मिनिटं तो झोपलेला होता. ती कुणी ऐकली नाहीत. थिएन-फू उठून मागच्या बाल्कनीत गेला होता.

थोड्या वेळाने थिएन-मिंग त्याच्यामागे गेला. बाल्कनीत धुलाईयंत्र, कुंड्या आणि फलक जाळायला आणून ठेवलेली लोखंडी पाटी होती. थिएन-फू कठड्यावर कोपरं टेकून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या बघत होता.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"नाही. ती मला कधी काही ऐकवते? मी तर शिक्का मारणारा माणूस."

"मला वाटायचं, मी बेसूर वाजवतो. त्यांना लाज वाटली, म्हणून फोडली."

"अठ्ठेचाळीस वर्षं?"

"त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नंतर बस मिळाली. तिला सूर लावावा लागत नाही."

थिएन-मिंगने कुंडीतलं वाळलेलं पान तोडलं. तो त्या वेळी अकरा वर्षांचा होता. न्हाणीघरात लाकडाच्या चिरफळ्या पडल्या होत्या आणि आमाने त्या एकही शब्द न बोलता वेचल्या होत्या, एवढंच त्याला आठवत होतं.

"मग आता मारतोस ना शिक्का?"

"मारतो," थिएन-फू म्हणाला.

पण आत आल्यावर त्याने कागद हातात घेतला नाही. उभ्यानेच मान-चिंगला म्हणाला, "मारतो. पण ते घाल. गिटारचं. माझं नाव आहे त्यात."

"अकरा मिनिटं गाण्यात बसत नाहीत, काका."

"चाळीस सेकंद बसतात ना? मग ऐंशी बसव. बाबांनी माझ्याबद्दल आयुष्यात एकदाच चांगलं म्हटलं, ते तू कापून ठेवलंस आणि तुला शिकवलं तेवढं घेतलंस. वा!"

"अजिबात नाही," पी-श्या म्हणाली. ती उभी राहिली होती. "ते चाळीस सेकंद ठीक आहेत. पाहुणे वगैरे. बाबा हॉटेलात होते, पाहुण्यांबद्दल बोलणारच. पण अकॉर्डियन, बिअर, मोटरसायकल? थाओयुआनला सासरी काय सांगू मी?"

"खरं सांग."

"तीस वर्षं सांगतेय, बाबा हॉटेलच्या काउंटरवर होते."

"काउंटरवर! मागच्या दाराने जायचे ते, बूट हातात घेऊन. नाकाशीवाल्यांना पुढच्या दाराने घेत नसत."

"माहिती आहे मला! ओरडू नकोस, खिडक्या उघड्या आहेत."

नाकाशी हा शब्द या घरात मोठ्याने उच्चारला जात नसे. नाकाशी म्हणजे गरम झऱ्यांच्या हॉटेलांत खोल्याखोल्यांतून फिरायचं, पिणाऱ्यांनी गावं आणि आपण त्यांना साथ करायची. पी-श्याचं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या सासूने या घरातल्या याच सोफ्यावर बसून विचारलं होतं, आपण काय करता? उत्तर पी-श्यानेच घाईघाईने दिलं, काउंटर सांभाळतात. आणि शेजारी बसलेल्या वडिलांनी मान डोलावली होती. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. खोटं तिचं एकटीचं असतं तर तिने ते केव्हाच सोडून दिलं असतं. त्यात बापाची ती मान होती.

तिने टीपॉयवरचा आपला शिक्का उचलला, त्याच्या चामड्याच्या डबीत घातला, डबी पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

"मग मीही नाही मारत. घाला काय घालायचं ते."

"आत्या, तू तर माझ्या बाजूने होतीस," मान-चिंग म्हणाली.

"मी गाण्याच्या बाजूने होते. हे गाणं नाही, पंचनामा आहे."

मान-चिंगने दोघांकडे पाहिलं. मोठ्या काकांचं म्हणणं तिला उगाच टोचत नव्हतं. तो दुसरा भाग गाण्यात घातला तर गाणं किती वर जाईल हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच तिने तो अल्बमच्या निर्मात्याला, वूला, ऐकवला नव्हता. वूने नेमका तोच उचलला असता, आणि तिला नाही म्हणता आलं असतं की नाही याची तिला खात्री नव्हती.

"बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना," ती म्हणाली.

"मी मारलाय माझा," थिएन-मिंग म्हणाला. "मला परत उचलता येत नाही तो."

"मला कुणी विचारलं का?" आमा म्हणाली.

कुणीच विचारलं नव्हतं. तिचा शिक्का तिच्या रुमालात होता, ती कागद पुढ्यात आला की मारते, असंच सगळे धरून चालले होते.

"त्याने विचारलं, बंद केलंस का. तू हो म्हणालीस."

मान-चिंगचा चेहरा लाल झाला. "मी बटण दाबलं होतं, आमा. ते लागलं नव्हतं. मला घरी गेल्यावर कळलं."

"मी तुला खोटारडी म्हणत नाहीये. काय झालं ते सांगतेय. त्याच्या आधीचं त्याने तुला दिलं. त्याच्या नंतरचं दिलेलं नाही. दिलं तेवढं घे."

"म्हणजे माझ्यापुरतं जे होतं, ते फक्त चुकून उरलं," थिएन-फू म्हणाला.

"हो."

"आणि ते कुणाला कळायचं नाही."

"तुला कळलं. अठ्ठेचाळीस वर्षांनी का होईना. आणखी कुणाला कळायला हवंय, फू? बसमधल्या लोकांना?"

आमाने रुमाल सोडला, शिक्का शाईत दाबला आणि आपल्या चौकोनात उमटवला. तिचा हात थरथरतो म्हणून थिएन-मिंगने कागद धरून ठेवला. मग ती म्हणाली, "आता टाक. त्याचा पेला अर्धा झाला असेल."

थिएन-फू गुडघ्यांवर बसला. ठोकळे पडले. एक उताणा, एक पालथा.

त्यानंतरचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. कागदी फलक बाल्कनीतल्या पाटीत जाळला. थिएन-फूने छोट्या पात्रातली राख चमच्याने तीनदा घेऊन मोठ्या पात्रात मिसळली. लाय घराण्याच्या फलकामागच्या नोंदीत थिएन-मिंगने वडिलांचं नाव लिहिलं, कारण अक्षर त्याचं बरं होतं. दारावर लाल कागदाची पट्टी लावली. लाल भाताच्या गोड वड्या वाफवून ठेवल्या होत्या त्या पी-श्याने वाटल्या. थिएन-फूला तिने सगळ्यांत शेवटी दिली, पण मोठी दिली. सगळे जेवले. कागद फळांच्या परडीखाली तसाच होता, दोन चौकोन भरलेले, दोन रिकामे, आणि जेवताना त्याचा विषय कुणी काढला नाही.

दीडच्या सुमाराला आमा म्हणाली, "आता वाजलं तरी चालतं. ते गाणं लाव. वर्षभर भांडताय त्याच्यावरून, ऐकलंय कुणी?"

तेव्हा लक्षात आलं की खरंच कुणी ऐकलं नव्हतं. सुतकात घरात संगीत लावायचं नाही हाही थिएन-फूचाच नियम होता, आणि त्याने तो आपल्या घरीही पाळला होता.

मान-चिंगने लावलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद. तिच्या आवाजाने सुरुवात, मग पियानो, धृपदाला आवाज उंच चढत गेलेला, मग सगळं थांबून म्हाताऱ्याचा आवाज, मग पुन्हा धृपद. पी-श्याचे डोळे भरून आले आणि ती ते पुसत बसली. थिएन-मिंगने मान डोलावली.

"परत लाव," थिएन-फू म्हणाला.

दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाला, "बाबा बोलतात तिथपासून." आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्याने टेबलावर बोटांनी काहीतरी दाबायला सुरुवात केली. डाव्या हाताची चार बोटं. आपण ते करतोय हे त्याच्या लक्षात नव्हतं.

"हे कुणी वर नेलं?"

"काय?"

"पट्टी. दवाखान्यात तू खाली गात होतीस. मघाशी ऐकलं मी. इथे दीड सुराने वर आहे."

मान-चिंग सरळ बसली. "वूने. धृपद उंच हवं म्हणाला. उंच गेलं की लोक थांबून ऐकतात."

"बाबा तुझ्या त्या पट्टीत बोलत होते. माणूस बोलतो तेव्हाही सुरात बोलतो. ते 'आता ये' म्हणतात ना, ते नेमकं तुझ्या सुरावर पडायचं. आता ते शेजारच्या घरात पडतंय."

तिने फोन उचलला आणि दोन्ही तुकडे एकामागून एक लावले, दवाखान्यातला आणि गाण्यातला. मग पुन्हा. वूने आणि तिने त्या चाळीस सेकंदांवर दोन आठवडे घालवले होते. आवाज मोठा करून पाहिला, लहान केला, पियानो काढला, परत घातला. काहीतरी बसत नव्हतं आणि ते काय हे दोघांनाही सांगता आलं नव्हतं.

"गा," थिएन-फू म्हणाला. "खालून."

"इथे?"

"मग काय बस डेपोत?"

ती गायली. स्टुलावर बसूनच, पहिल्या दोन ओळी. थिएन-फूने तळहाताने खाली असं केलं. ती उतरली. त्याने बोट हलवलं, अजून किंचित. मग हात टेबलावर ठेवला आणि तिला जाऊ दिलं. म्हाताऱ्याचा आवाज येतो ती जागा आली तसं तिने फोनवरचं बटण दाबलं, आणि "हं... आता ये" तिच्या सुरावर येऊन पडलं. आमाने डोळे मिटले.

"हे असं करायला काय काय लागेल?" थिएन-मिंगने विचारलं. गिझरबद्दल विचारायचा तसंच.

"सगळंच परत," मान-चिंग म्हणाली. "गाणं परत गायचं. पियानो परत. आज, उद्या. सोमवारी दहाला द्यायचं." तिने घड्याळ पाहिलं आणि वूचा नंबर लावला. फोन टीपॉयवर ठेवून स्पीकर लावला.

"मिळाले शिक्के?" वूने पहिलं तेच विचारलं.

"वू दादा, पट्टी उतरवायची आहे. दीड सूर."

"काय? कुठल्या गाण्याची?"

"पहिल्या."

"तुला वेड लागलंय. आज शनिवार आहे. धृपदातला तो उंच सूर गेला तर राहिलं काय?"

"आकोंग राहतात. त्यांचा आवाज त्या पट्टीतलाच आहे. म्हणूनच बसत नव्हता. तुम्ही मूळचं लावून बघा, आत्ता."

पलीकडे बटणांचे आवाज आले, मग काही मिनिटं काहीच नाही. मग दवाखान्याची टिकटिक अस्पष्ट ऐकू आली. वू एक शिवी देऊन थांबला.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"मोठ्या काकांनी."

"काका काय करतात?"

मान-चिंगने थिएन-फूकडे पाहिलं. तो वडीच्या रिकाम्या बशीकडे बघत होता. मग तिने पी-श्याकडे पाहिलं. पी-श्या तिच्याकडेच बघत होती.

"गिटार वाजवतात," मान-चिंग म्हणाली. "पेइतोउला, नाकाशीत. आकोंगबरोबर."

"आहेत अजून असे लोक?" वू म्हणाला. "चारला ये. आणि त्यांना घेऊन ये. परत कुठे चुकलं तर मला दोन आठवडे शोधायचं नाहीये."

फोन बंद झाला. खिडकी अजून उघडीच होती. खालच्या गल्लीतून कचऱ्याच्या गाडीची धून येऊन गेली.

"मला सत्तरीला आलेल्या माणसाला काय कळतं त्या यंत्रांतलं," थिएन-फू म्हणाला. पण त्याने खिशातून शिक्का काढला होता. त्यावर तोंडाची वाफ सोडली, शाईत दाबला आणि तिसऱ्या चौकोनात उमटवला. नाव नीट उठलं आहे ना ते चष्मा लावून पाहिलं. मग कागद टीपॉयवरून फिरवून पी-श्यापुढे सरकवला.

"थाओयुआनहून फोन आला," ती म्हणाली, "तर मी तुलाच देईन, दादा. तू बोल मग त्यांच्याशी."

"दे."

तिने पर्सची चेन उघडली.